मधे बोलणारी गोकुळाबाई

बोडीटोल्याच्या गोकुळाला नाटक बघताना गप्प बसता येत नसे. तसं ते पुष्कळांना जमत नाही, पण ती माणसं शेजाऱ्याच्या कानाशी लागतात. गोकुळा थेट नटाशी बोलायची. स्टेजवर सासू सुनेला छळू लागली की खालून हिचा आवाज यायचा, "अवो, तुह्या पोरीले कोणं असं केलं तं चालन का तुले?" खलनायकाने दुधात विष कालवलं की ही गुडघ्यांवर उभी राहून हिरोला सांगायची, "पिऊ नोको गा! त्यानं काईतरी टाकलं त्याच्यात!" एकदा तर नवख्या हिरोने खरंच पेला खाली ठेवला आणि पडद्याआडच्या प्रॉम्प्टरची अशी तारांबळ उडाली की त्याने पुढच्या अंकातली वाक्यं सांगायला सुरुवात केली.

गोकुळा ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, घरची सून. वय पंचेचाळिशीला टेकलेलं, नवरा दसरू जाऊन सहा वर्षं झालेली. पहाटे तळ्यावर, दुपारी मासळीची टोपली डोक्यावर घेऊन वडशाच्या बाजारात, संध्याकाळी चुलीपुढे. वर्षभर तोंड चालवायला गिऱ्हाइकं आणि शेजारीण धुरपता, एवढंच. खरी चैन हिवाळ्यात. दिवाळी उलटली की विदर्भाच्या पूर्वेकडच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, घरोघरी पाव्हणे येतात, आणि मंडईला नाटक ठेवलं नाही तर त्या गावाला पाव्हण्यांपुढे तोंड वर काढता येत नाही. गोकुळा तीन-चार कोसांवरचं नाटकही सोडत नसे. बसायला पोतं, पदरात फुटाणे, आणि बायकांच्या बाजूला अगदी पुढची जागा. ती जागा कुणी बळकावली तर नाटकाआधी एक वेगळंच नाटक व्हायचं.

आता लोक मोबाइल हातात धरून, दुसऱ्याचा सिनेमा बघणाऱ्या माणसाचं तोंड बघत बसतात आणि पोट धरून हसतात. गोकुळाच्या बाबतीत हे अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यातच होऊन गेलं. तोंड दिसत नव्हतं, आवाज होता, एवढाच काय तो फरक. आणि झालं ते एका चहाबाज माणसामुळे.

झाडीपट्टीत नाटक चालू असतानाच बक्षिसं येतात. कुणाला गाणं आवडतं, कुणाला रडणं. लोक नोट पुढे करतात आणि स्टेजच्या पायथ्याशी बसलेला माणूस देणाऱ्याचं नाव पुकारतो. त्यासाठी प्रेक्षकांच्या बाजूला एक वेगळा माइक असतो. त्या हिवाळ्यात एका मंडईला पुकारणारे भाऊ दुसऱ्या अंकात चहा प्यायला गेले ते गेलेच. माइक चालू, आणि त्याच्यापासून दोन हातांवर पोतं टाकून बसलेली गोकुळा. तिचा शब्द न् शब्द भोंग्यातून मांडवभर जाऊ लागला. लोक हसून लोळायला लागले. गोकुळाला पत्ता नाही; ती नाटकात एवढी बुडालेली की लोक स्टेजवरच्या विदूषकाला हसताहेत असंच तिला वाटलं.

मशीनवर वडशाचा रफीक माइकवाला बसला होता. नाटकातली गाणी बरी निघाली तर दुकानात वाजवायला होतात म्हणून मशीनमध्ये कोरी कॅसेट घालून ठेवायची त्याची सवय. त्याने माइक बंद करायला हात पुढे केला आणि लोकांचं हसणं ऐकून मागे घेतला. त्या हात मागे घेण्याने पुढचं सगळं घडलं. पण त्यात त्याचा काळा डाव वगैरे काही नव्हता, हेही सांगून टाकलेलं बरं.

आठ दिवसांनी गोकुळा टोपली घेऊन वडशात आली तर रफीकच्या दुकानापुढे ही गर्दी. आतून तिचाच आवाज येत होता. "अवो पोरी, त्याच्या घरी नोको जाऊ, त्याचे डोये चांगले नाईत!" लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. रफीकने तिला पाहिलं आणि धावत येऊन टोपली स्वतः उतरवून घेतली.

"आओ बाई, आओ! तुमी तं फेमस झाल्या. आतापर्यंत किती क्यासेटा भरून देल्ल्या, गिनती नाई. एटापल्लीचा मास्तर घेऊन गेला, आलापल्लीच्या डेपोतले लोक घेऊन गेले. सगळे म्हणतात, ते बाईवाली क्यासेट दे."

गोकुळाला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, अंगावर मूठभर मांस चढलं. आपला आवाज असा बाहेरून ऐकायला मिळणं ही केवढी गंमत! रफीकने मागवलेला चहा बशीत ओतून पीत ती स्वतःच्याच बोलण्यावर हसत बसली. आणि मग तिसरा अंक लागला.

नाटक होतं 'कुंकवाचा पंचनामा'. तिसऱ्या अंकात नायिकेचा नवरा खाटेवर शेवटच्या घटका मोजतोय आणि ती त्याच्या उशाशी बसून गाणं म्हणतेय. गाणं चांगलं चार कडव्यांचं. कॅसेटमध्ये पेटी वाजली, नायिकेने सूर लावला, आणि वरून गोकुळाचा आवाज आला:

"गाऊ नोको वो बाई! आधी त्याच्या पायाले हात लावून पाह्य! माह्यावाला असाच गेला, मी बोलतच बसली!"

कॅसेटमध्ये हशाचा नुसता स्फोट झाला. दुकानापुढेही झाला. एकाने तर हातातली पिशवी टाकून दिली. आणि गोकुळाच्या तोंडावरचं हसू तिथल्या तिथे राहून गेलं. ते काढून घ्यायचं तिला सुचलंच नाही.

हे आपण बोललो? तिला आठवेना. सहा वर्षांत हे तिने धुरपतालाही सांगितलं नव्हतं, सख्ख्या बहिणीला नाही. नाटकाच्या भरात, समोर खाटेवर पडलेला माणूस बघून, ते तोंडातून कधी निघून गेलं तिचं तिलाच कळलं नव्हतं. आणि आता ते डब्यात बसलं होतं, आणि मनाला येईल त्याने बटण दाबलं की ते बाहेर येऊन लोकांना हसवत होतं.

तिने टोपली उचलली. मासे विकले की नाही, किती विकले, हे त्या दिवशी तिला घरी पोहोचल्यावरही सांगता आलं नसतं.

पुढच्या महिनाभरात ते वाक्य सगळीकडे पसरलं. बसमध्ये कुणी पेंगलं की कंडक्टर म्हणायचा, "पायाले हात लावून पाह्य रे त्याच्या!" मागून पोरं ओरडायची, "मी बोलतच बसली!" बाजारात बायका तिला बघून प्रेमाने हाक मारायच्या आणि तेच वाक्य म्हणायच्या. यात वाईट कुणीच नव्हतं, हीच मोठी पंचाईत होती. कुणी शिवी दिली असती तर गोकुळाने सात पिढ्यांचा उद्धार करून दिला असता. पण कौतुकाला काय उत्तर द्यायचं? ती हसायची. हसून टोपली उचलायची आणि पुढे व्हायची. वडशाचा बाजार सोडून तिने आरमोरीचा धरला. तिथे पहिल्याच दिवशी पोहेवाल्याने ओळखलं, तशी ती परत वडशालाच बसू लागली.

हाताला काम धरवेना. जाळं विणायला बसली की गाठी चुकायच्या. उठून अंगणात यायची, कशाला आलो ते आठवत नाही म्हणून परत आत जायची. धुरपता म्हणाली, "काऊन वो, अंगात आल्यासारखी काऊन फिरून राह्यली?" गोकुळा काही बोलली नाही, आणि गोकुळा बोलत नाही हे बघून धुरपता खरोखर घाबरली.

शेवटी ती रफीकच्या दुकानात गेली. "भाऊ, तेवढं पुसून टाका."

"कोणतं?"

"ते. पायाचं."

रफीकने कपाळाला हात लावला. "बाई, एक क्यासेट असती तं आत्ता पुसली असती. आता माह्या क्यासेटवरून दुसऱ्यानं भरली, त्याच्यावरून तिसऱ्यानं. भाजीतलं मीठ वापस कसं काढू? आन् खरं सांगू का? लोक तेवढंच मागतात." त्याने फळीवरचे गठ्ठे दाखवले. चार-पाच नाटकांच्या कॅसेटा, वर धूळ. "हे पाहा. हेबी चांगले नाटक हायेत. पण तुमी नाई याच्यात, तं कुत्रंबी इचारत नाई."

गोकुळाने मग स्वतःच्या डोक्याने एक तोड काढली. नवी कॅसेट आली की लोक जुनी विसरतील. रफीकला तेच हवं होतं. पुढच्या दोन मंडयांना त्याने तिचं पोतं मुद्दाम माइकला चिकटून टाकलं आणि गोकुळा बोलली, भरपूर बोलली. पण काहीतरी बिनसलं होतं. नायिका रडली की आधी तिच्या मनात यायचं, आता मी बोलायला पाहिजे. मग काय बोलावं ते यायचं. मग ते कसं वाटेल ते. तोवर नायिका डोळे पुसून निघून गेलेली असायची. दुसऱ्या नाटकात ती रडलीही, माइककडे तोंड करून. घरी येताना तिची तिलाच लाज वाटली. बाईने आयुष्यात पहिल्यांदा पैसे न देता नाटक बघितलं आणि पहिल्यांदाच तिला ते दिसलं नाही. कॅसेटा खपल्या बेताच्या. जुनी होती तशीच वाजत राहिली.

त्यातच गुणवंतराव उगवले.

'कुंकवाचा पंचनामा' गुणवंतरावांचं. लिहिलेलं त्यांनी, मंडळी त्यांची, आणि तिसऱ्या अंकात खाटेवर पडून मरायचे तेही तेच. म्हणजे गोकुळाचं ते वाक्य त्यांनी पडल्या पडल्या ऐकलं होतं, आणि मांडव हसत असताना त्यांना डोळे मिटून मरत पडावं लागलं होतं. नटाच्या जातीला याहून मोठा अपमान नाही. पण तोही त्यांनी गिळला असता. गिळवेना ते फेब्रुवारीतलं. एका गावाने ठरलेलं नाटक मोडलं आणि वर निरोप धाडला, 'नाटक आमचं ऐकून झालं. गोकुळाबाईंना घेऊन येत असाल तर कळवा.'

बाजाराच्या दिवशी ते रफीकच्या दुकानात घुसले. गोकुळा समोरच मासे मांडून बसली होती.

"रफीक, कॉपीराइटचा कायदा असतो, माहीत आहे ना? माझ्या हातचं नाटक आहे ते. सुरुवातीपासून शेवटापर्यंत माझं. तू ते डब्यात भरून विकतोस?"

"भाऊ, पूर्ण वडसा हिंदी पिच्चरच्या क्यासेटा भरून विकते, तवा कायदा कुठी गेला होता?" रफीकही पेटला. "आन् तुमच्या नाटकातली ते जुळ्या भावाची गोष्ट? ते पिच्चर मी तीन खेप पाह्यलं हाय."

गर्दी हसली. गुणवंतरावांचं तोंड लाल झालं. बोलण्यातला पुस्तकीपणा गळून पडला. "गोष्ट कुठूनबी घेतली असन, बोल माहे हायेत! रात-रात बसून एकेक बोल लेह्यला! आन् लोक काय आयकतात? हे बाई मधे काय भुंकते ते!" मग ते गोकुळाकडे वळले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, तुम्हाला एकच सांगतो. माझ्या नाटकाला यायचं तर तोंड शिवून या. एक शब्द बोलायचा नाही. माझ्या बोलण्यावर तुमचं बोलणं नको."

गोकुळाने मान खाली घालून मासे परत मांडायला घेतले. कारण माणूस खरं बोलत होता.

हे तिला डाचत राहिलं. चिडावं तर तेही जमेना. त्याने लिहिलं, पाठ केलं, पोरं जमवली, पडदे रंगवले. आपण काय केलं? पोतं टाकलं आणि तोंड उघडलं. मग लोक आपल्याला का ऐकतात? आणि ऐकतात ते आपल्याला चांगलं का वाटलं? आणि चांगलं वाटलं तर त्या एका वाक्याचं एवढं का लागतंय? चारी दिशांना विचार फिरायचा आणि जागेवर यायचा.

वैशाखात तळं आटलं आणि ओढणीचा दिवस आला. बोडीटोल्यात त्या दिवशी सगळे ढिवर एकत्र जाळं ओढतात. बांधावर मासळीचे ढीग लागतात. जाळ्याचा वाटा, डोंग्याचा वाटा, पाणी बडवून मासळी हाकलणाऱ्यांचा वाटा. पण या सगळ्यांच्या आधी एक ढीग बाजूला काढतात, तो तळ्याचा. पूर्वी तो तळ्याच्या मालकाच्या, मालगुजाराच्या घरी जायचा, आता ढिवरांच्या सोसायटीच्या नावाने जातो. तो काढल्याशिवाय कुणी आपल्या वाट्याला हात लावत नाही. लावलाच तर वर्षभर घरात सुख नाही, असं म्हातारी माणसं सांगत आली.

तो ढीग बघता बघता गोकुळाच्या डोक्यात उजेड पडला. नाटक हे गुणवंतभाऊंचं तळं. आपण पाणी बडवलं, रफीकने जाळं टाकलं, मासळी दोघांनी नेली. तळ्याचा वाटा कुणीच काढला नाही. मग आपल्या घरात सुख कसं राहील?

तिच्या वाट्याला आलेल्या मासळीतले दोन मोठे रोहू तिने ओल्या पोत्यात गुंडाळले आणि तशीच ऊन डोक्यावर घेऊन वडशाला निघाली. झपाझप चालली. मासळीला ऊन सोसत नाही, आणि तिला स्वतःलाही आता घडीभर थांबणं सोसत नव्हतं.

गुणवंतरावांच्या घराचं फाटक ढकलून ती आत गेली आणि टोपली थेट ओसरीवर ठेवली. आतून त्यांची बायको आशाबाई आली, तिने टोपलीत डोकावलं आणि किंचाळली.

"अवो बाई! उचला ते! आमचं माळकऱ्याचं घर हाय!"

गोकुळा चपापली. सगळ्या वाटेने तिने सगळा विचार केला होता. या माणसाच्या गळ्यात माळ असू शकते, एवढा एक सोडून. पण ती मागेही सरेना. "बाई, मी उचलते, पण वापस नाई नेत. तळ्याचा वाटा हाय. घरून निंघाला का वापस नेता येत नाई."

"कोणतं तळं?" परसातल्या लिंबाखाली वही घेऊन बसलेले गुणवंतराव आवाज ऐकून आले. कानावर पेन, डोळे तारवटलेले.

गोकुळाने सांगितलं. तळं कुणाचं, पाणी कुणी बडवलं, जाळं कुणी टाकलं, सगळं. गुणवंतराव आधी भुवया चढवून ऐकत होते. मग त्यांनी रोहूंकडे पाहिलं, बायकोच्या नाकाला लावलेल्या पदराकडे पाहिलं, आणि मटकन ओसरीवर बसून हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"बाई, बारा वर्षं नाटक लिहितोय. हजार लोकांनी माझं उचललं असेल. वाटा घेऊन आलेल्या तुम्ही पहिल्या." शेजारच्या शिंप्याच्या पोराला हाक मारून त्यांनी रोहू त्याच्या घरी धाडले, आशाबाईने ओसरीवर तीन बादल्या पाणी ओतलं, आणि गोकुळाला लिंबाखाली बसायला जागा मिळाली. चहाही मिळाला.

गुणवंतराव वहीशी चाळा करत होते. बोलू की नको असं त्यांचं चाललं होतं. "नवीन नाटक लेहून राह्यलो," ते म्हणाले. "दोन महिने झाले. बनलं का नाई तेच समजत नाई. रातभर उठतो, बसतो. वाचून दाखवू?"

"मले तं तोंड शिवाले सांगतलं तुमी."

"घरी चालते, बाई. बोला. जिथी बोलावं वाटन तिथी बोला."

ते वाचू लागले. सगळ्यांचे आवाज काढून, हातवारे करून. नाटकात एक भोळी सून, एक दारुडा नवरा आणि शेजारची एक तोंडाळ बाई, शेवंता. पहिली पाच-सात पानं गोकुळा अवघडून बसली. मग दारुड्याने बायकोचं डोरलं विकायला काढलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ठेव ते खाली, मेल्या! तुह्या बापानं घडवलं का?" गुणवंतराव खूश होऊन हसले. ती पुढे बोलली, आणखी बोलली. आसपास माइक नव्हता, आणि किती महिन्यांनी ती न ठरवता बोलत होती. छातीवरचा दगड कुणीतरी हलवावा तसं तिला झालं. बरं वाटलं, फार बरं वाटलं.

दुसऱ्या अंकात दारुडा पिऊन आडवा पडतो. सून घाबरून रडू लागते. शेवंता येते. गुणवंतरावांनी शेवंताचा आवाज काढला, कमरेवर हात ठेवला:

"रडू नोको वो! आधी त्याच्या पायाले हात लावून पाह्य! माह्यावाला असाच गेला, मी बोलतच बसली!"

आणि वही मांडीवर ठेवून त्यांनी मोठ्या आशेने गोकुळाकडे पाहिलं. "इथी मांडव कोसळते, बाई. पाह्यजा तुमी."

लिंबावरून एक काडी गोकुळाच्या मांडीवर पडली, ती तिने उचलून बाजूला टाकली.

"हे कोणाचं हाय, भाऊ?"

"कोणाचं म्हंजे? शेवंताचं."

"शेवंताले कोणं देल्लं?"

"मले सुचलं..." गुणवंतराव म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते खरंच सुचल्यासारखं वाटलं होतं. मग ते थांबले. काय झालं ते त्यांच्या ध्यानात येत गेलं तसा चेहरा उतरत गेला. "तसं... आता ते सगळ्यांच्याच तोंडी आहे, बाई," ते पुटपुटले, आणि 'सगळेच करतात' ही रफीकचीच सबब आपल्या तोंडून निघाली हे कळून खाली बघू लागले.

"तुमी त्या दिवशी खाटेवर पडले होते," गोकुळा म्हणाली. "तुमचे पाय माह्याकडं होते. ते पाहूनच निंघालं तोंडातून. तो एटापल्लीकडं गिट्टीच्या कामावर गेला होता, ताप घेऊन आला. आठ दिवस झाले होते तापाले. त्या दिवशी दुपारी जरा उतरल्यासारखा वाटला. मी त्याच्या पायापाशी बसून झिंगे साफ करत होती आन् गोष्ट सांगत होती. धुरपताच्या बकरीनं सोसायटीचा कागद खाल्ला, तिची गोष्ट. त्याले आवडे माहं बोलणं. तोंड उघडं होतं त्याचं. मले वाटलं हासून राह्यला. मंग मी आणखी वाढवून सांगतली. मनात आलं का पाय चेपावे जरासे. पण हात झिंग्याचे होते, घाण, म्हणून नाई लावले. गोष्ट पुरी केली. हात धुवाले उठली. धुऊन आली, आन् पायाले हात लावला."

आशाबाई दारात उभी होती, ती आत गेली नाही.

"किती वेळ झाला होता, मले आजपर्यंत समजलं नाई. मी कोणाशी बोलत होती तेच समजलं नाई."

गुणवंतरावांनी कानावरचं पेन काढलं, परत ठेवलं. मग म्हणाले, "बाई, मी तुमचं नाव टाकतो. जाहिरातीत, मोठ्या अक्षरात. बोल गोकुळाबाईचे म्हणून. आन् जो काय तुमचा वाटा असन..."

"ह्याचा वाटा नाई होत, भाऊ. बाकी जे काई मी बोलली ते घ्या. आत्ता बोलली तेबी घ्या. हे काढा."

"काढतो." त्यांनी पेन हातात घेतलं, आणि ते वहीवर तसंच अडून राहिलं. लिहिणाऱ्या माणसाचा जीव होता. अख्ख्या नाटकात तेवढं एकच वाक्य जिवंत आहे हे त्यांना कळत होतं. "मंग शेवंता तिथी काय म्हणन?"

"काईच नोका म्हणू तिथी."

गुणवंतरावांनी रेघ ओढली. मग तिच्यावरून दुसरी ओढली. गोकुळा वाकून बघत होती. तिला अक्षरओळख नव्हती. कागदावर कितीतरी ओळी होत्या, त्यातल्या एकीवर काळं झालं होतं, आणि ते बरोबर जागी झालं की नाही हे तिला कळायला मार्ग नव्हता.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी पान वरून वाचायला घेतलं. दारुडा आडवा पडला, सून रडू लागली, शेवंता आली. गुणवंतरावांचा हात सवयीने कमरेकडे गेला आणि वाटेतच थांबला. गोकुळा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवंता काहीच बोलली नाही. ती खाटेजवळ गेली, एवढंच त्यांनी वाचलं, आणि पुढच्या ओळीवर गेले.

"आणखी एक खेप," गोकुळा म्हणाली.

गुणवंतरावांनी पान पुन्हा वरून वाचायला घेतलं.